त्रिफॉन की झबिनास? सेल्युसिड गादीच्या दावेदारांची नाणी

सीरियातल्या सेल्युसिड या ग्रीक राजघराण्याची गादी बळकावणारा सेनापती त्रिफॉन (इ.स.पू. १४२–१३८) याचं नाणं ओळखायला सोपं. मागे देव नाही, तर रानबोकडाच्या शिंगाने सजवलेलं टोकदार मॅसिडोनियन शिरस्त्राण. मजकूर ‘बॅसिलेऑस त्रिफोनोस ऑटोक्रॅटोरोस’, म्हणजे ‘स्वयंसत्ताधीश राजा त्रिफॉनचं’. सेल्युसिड घराण्याशी नातं सांगायचा प्रयत्नच नाही. त्याने घराण्याचा शक सोडून स्वतःची राज्यवर्षं मोजली. सेनापतीने उघडपणे मांडलेला हा दावा मला विलक्षण वाटतो. त्याची चांदीची टेट्राड्रॅक्म (चार ड्रॅक्मांचं नाणं) दुर्मीळ, म्हणून नवशिक्या संग्राहकाने शिरस्त्राणाचं तांब्याचं नाणं घ्यावं.

अलेक्झांडर झबिनास (इ.स.पू. १२८–१२३) याने उलट वाट धरली. इजिप्तच्या आठव्या टॉलेमीने पुढे केलेला हा माणूस राजवंशाचा वारस म्हणवत होता, म्हणून चांदीवर परंपरेतला सिंहासनस्थ झ्यूस, हातात विजयदेवता नायकी. पुढे पैसा संपल्यावर त्याने राजधानी अँटिओकच्या झ्यूसमंदिरातली सोन्याची नायकीच काढून घेतली, असं रोमन इतिहासकार जस्टिन सांगतो.

त्याची तांब्याची नाणी विपुल, पण घोळ इथेच होतो. त्यांवर नुसतं ‘बॅसिलेऑस अलेक्झांड्रू’ (राजा अलेक्झांडरचं) असतं, आणि त्याच्या आधीचा सेल्युसिड राजा अलेक्झांडर बालास याच्या तांब्यावरही तेच. घराण्याच्या शकातली तारीख असेल तर आकडे म्हणून वापरलेल्या ग्रीक अक्षरांकडे पाहा: शंभरच्या ‘ऱ्हो’सोबत साठचं ‘क्साय’ असेल तर बालास, ऐंशीचं ‘पाय’ असेल तर झबिनास. तारीख झिजली असेल तर हनुवटी पाहा. बालासची ठळक, पुढे आलेली असते.