जॉब कॉपी केला की एक्स-रेची वेळही कॉपी होते का?

फ्रँकफर्ट विमानतळाच्या दक्षिण अंगाला, कार्गोसिटी स्यूडमध्ये, आमचं फॉरवर्डिंगचं, म्हणजे ग्राहकांचा माल विमानाने पाठवून देण्याचं, ऑफिस आहे. माल बहुतेक मुंबईला जाणारा: चाकणच्या कारखान्यांसाठी यंत्रांचे सुटे भाग, अधूनमधून औषधं. आम्ही रेग्युलेटेड एजंट आहोत, म्हणजे माल तपासून त्याला ‘एसपीएक्स’ (प्रवासी विमानातही चढवायला सुरक्षित) हा दर्जा देण्याची जबाबदारी आमचीच. प्रत्येक खेपेची नोंद, म्हणजे ‘जॉब’, सॉफ्टवेअरमध्ये होते. आधी आमच्याकडे त्यासाठी जगभर चालणारं मोठं, क्लाउडवरचं सॉफ्टवेअर होतं. आता इथल्याच एका लहान कंपनीचं आहे.

मोठ्याचं मोठेपण आधी सांगतो. एअर वेबिल (विमानमालाची मुख्य पावती), हाऊस (ग्राहकाला आम्ही देतो ती पावती), एअरलाइनला जाणारे मेसेज, हिशेब, सगळं एका जागी. मुंबईचा भागीदार तीच फाइल त्याच क्षणी बघतो. मार्च 2023 पासून बाहेरून युरोपात येणाऱ्या विमानमालाची माहिती माल चढण्याआधीच आयसीएस-2 या युरोपीय कस्टम्सच्या प्रणालीत द्यावी लागते. ते काम त्यात फार सुरळीत होतं. ‘माल चढवू नका’ असा निरोप आला तर थेट जॉबवर लाल पट्टी दिसते. लहानात त्यासाठी वेगळं पोर्टल उघडावं लागतं. तुमचा धंदा मुख्यतः आयातीचा असेल तर बहुधा मोठंच घ्यावं, मी अडवणार नाही.

आमचा धंदा निर्यातीचा, आणि गाडी अडली ती एकाच जागी. दर आठवड्याला त्याच ग्राहकांचा माल येतो, म्हणून कोरा जॉब कुणी उघडत नाही. मागचा कॉपी करायचा, नग आणि वजन बदलायचं. मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये या कॉपीबरोबर सुरक्षेचं पानही भरलेलंच येई: दर्जा, तपासणीची पद्धत, तपासणाऱ्याचं नाव, वेळ.

एका मंगळवारी गिअरबॉक्सची ओतीव कवचं आली. लोखंड इतकं जाड की एक्स-रेच्या पडद्यावर नुसता काळा ठोकळा. इथे त्याला ‘डुंकेलअलार्म’ म्हणतात. मग स्फोटकं हुंगणारा कुत्रा बोलावला. त्याने पॅलेटांभोवती दोन फेऱ्या मारल्या, एका कोपऱ्याशी जरा रेंगाळला, पुढे गेला आणि माल मोकळा झाला. संध्याकाळी कागद चाळताना मालाबरोबर जाणाऱ्या सुरक्षा घोषणापत्रावर पद्धत ‘एक्सआरवाय’ (एक्स-रे) दिसली, वेळ सकाळी 10:40. ट्रक आमच्या धक्क्याला लागला होता दुपारी दोनला! तारीख तेवढी नव्या जॉबबरोबर आपोआप बदलली होती, त्यामुळे वरवर बघणाऱ्याला काहीच खटकलं नसतं. माल निघायच्या आत कागद दुरुस्त केला, पण त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. याआधीचे असे किती कागद माझ्या सहीने गेले असतील?

युरोपच्या 2015/1998 क्रमांकाच्या नियमावलीत दर्जा कशाच्या आधारावर दिला, कोणी दिला, कोणत्या तारखेला आणि किती वाजता दिला, हे सगळं मागितलं आहे. ते उगीच नाही. ऑक्टोबर 2010 मध्ये येमेनहून निघालेलं, प्रिंटरच्या शाईच्या कार्ट्रिजमध्ये लपवलेलं स्फोटक इथल्याच कोलोन विमानतळावरून पुढे ब्रिटनच्या ईस्ट मिडलंड्सपर्यंत पोचलं होतं. पुढचा माणूस पार्सल उघडून बघत नाही, तो आमच्या कागदावर विश्वास ठेवतो.

तक्रार केल्यावर मोठ्या सॉफ्टवेअरमधली सुरक्षेचं पान कॉपी करण्याची सोय बंद करून मिळाली, पण ग्राहकागणिक. नवा ग्राहक जोडला की पुन्हा चालू. बंद करायला आठवण ठेवायची कुणी?

लहान सॉफ्टवेअरचा पडदा जुनाट आहे, रिपोर्ट एक्सेलमध्ये काढून जुळवावे लागतात, शुक्रवारी संध्याकाळी कट-ऑफच्या (माल देण्याच्या शेवटच्या वेळेच्या) तोंडावर ते संथही वाटतं. पण कॉपी केलेल्या जॉबमध्ये सुरक्षेचं पान कोरं येतं. पद्धत, नाव आणि वेळ हाताने भरल्याशिवाय घोषणापत्र छापलंच जात नाही. आधी एक्स-रे, मग कुत्रा, अशा दोन पद्धती एकाखाली एक लिहिता येतात. दर जॉबमागे दोन-तीन मिनिटं जास्त जात असतील, असा माझा अंदाज. मला ती जड वाटत नाहीत. रोज शंभर जॉब करणाऱ्याला कदाचित वाटतील.

मोठ्या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीत हे सुधारलंही असेल. डेमोला बसाल तेव्हा विक्रेत्याला त्याचाच एखादा जुना जॉब कॉपी करायला सांगा, आणि बाकी काही दाखवायच्या आत सुरक्षेचं पान उघडायला लावा.