पतसंस्थेच्या विंडोज ११ मशीनसाठी स्टिग घ्यावं की सीआयएस?

चिपळूण-गुहागर पट्ट्यात चार-पाच शाखा असलेल्या पतसंस्थेने आधी सर्ट-इनचे (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था) २८ एप्रिल २०२२चे निर्देश वेगळे काढावेत. ते पाळावेच लागतात. त्यात नमूद केलेली सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची, लॉग (मशीनवर काय घडलं त्याच्या नोंदी) १८० दिवस जपायचे, मशीनची घड्याळं एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या वेळेशी जुळवायची. मशीनमधलं कोणतं सेटिंग कसं ठेवायचं, हे मात्र त्यात नाही. त्यासाठी स्टिग किंवा सीआयएस बेंचमार्क, म्हणजे सुरक्षित सेटिंगची तयार यादी, लागते.

स्टिग अमेरिकेच्या संरक्षण खात्याचं, तर सीआयएस एका ना-नफा संस्थेचं. पासवर्ड दोघांनाही किमान १४ अक्षरी हवा. पण स्टिगमध्ये तो ६० दिवसांत बदलायचा आणि तीन चुकांत खातं लॉक. सीआयएसला ३६५ दिवस आणि पाच चुका चालतात. दर दोन महिन्यांनी पासवर्ड बदलायला लावला की तो काउंटरच्या काचेखाली चिठ्ठीवर येतो, म्हणून इथे सीआयएसच बरं. डोमेनमधल्या, म्हणजे एका सर्व्हरवरून सांभाळल्या जाणाऱ्या, मशीनवर स्टिगला विंडोजची एंटरप्राइझ आवृत्ती लागते. प्रो आवृत्ती असेल तर तपासणीत तेवढा दोष कायम राहतो. शिवाय स्टिग मशीन सुरू होण्याआधी बिटलॉकरचा (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) पिन मागतं. पावसाळ्यात रात्री लाइट गेली, यूपीएस संपला, तर लाइट आल्यावर मशीन पिनच्या पडद्यावरच अडतं आणि रात्रीचा बॅकअप होत नाही.

लॉगच्या बाबतीत मात्र स्टिगचंच ऐका. विंडोजचा सिक्युरिटी लॉग (लॉगिनसारख्या सुरक्षेच्या नोंदी) मुळात २० एमबीचा असतो. भरला की जुन्या नोंदी पुसल्या जातात. सीआयएस १,९६,६०८ केबी मागतं, स्टिग १०,२४,००० केबी. वर्दळीच्या मशीनवर सीआयएसच्या आकारात १८० दिवस मावतीलच असं नाही. स्टिगचा आकार ठेवा, आणि दर आठवड्याला लॉगची प्रत दुसऱ्या गावातल्या शाखेत पाठवा. जुलै २०२१च्या पुरात चिपळूण बाजारपेठ बुडाली होती. त्याच इमारतीत ठेवलेली प्रत अशा वेळी कामाची नाही.

तेव्हा सीआयएसची पहिली, म्हणजे मूलभूत, पातळी घ्या आणि लॉगचा आकार तेवढा स्टिगचा. आधी एकाच मशीनवर लावा, महिनाअखेर टाळून. एसएमबीची (नेटवर्कवर फोल्डर शेअर करायची पद्धत) पहिली आवृत्ती दोन्हीकडे बंद होते, त्यामुळे जुन्या झेरॉक्स मशीनवरून फोल्डरमध्ये स्कॅन जाणं थांबतं. ती परत चालू करू नका. स्कॅन मेलवर घ्या.