अंटार्क्टिका की स्वालबार्ड? मामींच्या प्रश्नाचं उत्तर

मामा-मामींच्या लग्नाला 40 वर्षं होतायत आणि मामांना एकदा तरी खरा बर्फाळ प्रदेश बघायचाय. कोथरूडच्या टूरवाल्याने दोन पर्याय दिलेत, अंटार्क्टिका किंवा स्वालबार्ड (आर्क्टिकमधली नॉर्वेची बेटं), आणि मामी विचारतायत की आपल्या जाण्याने कुठलं नुकसान कमी होईल. हा प्रश्न फार कमी जण विचारतात म्हणून सविस्तर लिहितोय.

मुख्य फरक म्हणजे तिथे ऐकायला लावणारं कोण आहे. अंटार्क्टिका कुठल्याच एका देशाच्या ताब्यात नाही, 1959 च्या करारातले देश एकमताने निर्णय घेतात, त्यामुळे खाणकामावर बंदी आली पण एकूण पर्यटक किती यावेत याला आजही मर्यादा नाही. 2024 ला या करारातल्या देशांची बैठक आपल्या कोचीत झाली, तिथे पर्यटनाच्या नियमांवर बोलणी झाली. एका वेळी 100 च माणसं किनाऱ्यावर, 500 पेक्षा जास्त प्रवासी असलेल्या जहाजातून कोणी उतरायचं नाही, हे नियम चांगलेच आहेत, पण रोजच्या रोज ते पाळले जातात ते मुख्यतः टूर कंपन्यांच्या स्वतःच्या संघटनेमुळे. आणि 2023-24 च्या एका सीझनला 1 लाख 20 हजारांच्या वर लोक गेले. जहाजांच्या धुरातली काजळी बर्फावर बसते, बर्फ काळवंडतो, लवकर वितळतो, 2022 च्या एका अभ्यासात दर पर्यटकामागे साधारण 83 टन बर्फाचा हिशोब निघाला. हा आकडा वाचल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाही.

स्वालबार्डला सरकार आहे, आणि ते कडक आहे. 1 जानेवारी 2025 पासून संरक्षित भागात जहाजावर जास्तीत जास्त 200 प्रवासी, उतरायचं ते ठरलेल्या 43 जागांवरच, आणि ध्रुवीय अस्वलापासून किमान 300 मीटर लांब, मार्च ते जून 500. आपल्याकडे कासला बुकिंग करून सोडतात आणि सिंहगडाच्या घाटात रविवारी गाड्यांची रांग लागते, साधारण तसाच फरक समजा. अर्थात आर्क्टिक पण भराभर तापतंय, तिथे गेलं म्हणजे पाप लागत नाही असं नाही.

माझं मत स्वालबार्ड. ओस्लोहून विमानाने लाँगयिअरब्येनला, म्हणजे स्वालबार्डच्या मुख्य गावात पोचता, अंटार्क्टिकाला जाताना लागणाऱ्या ड्रेक पॅसेज या खवळलेल्या समुद्राचे दोन दिवस हेलकावे नाहीत, मामांच्या गुडघ्यांना पण बरं. शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच) मात्र मल्टिपल एंट्रीचाच घ्या, स्वालबार्ड शेंगेनमध्ये येत नाही, परतताना अडकाल.

मामांनी अंटार्क्टिकाच धरून ठेवलं तर छोटंच जहाज बघा, आणि निघायच्या आधी मामी, सिंहगडला घालता ते बूट घासून घ्या, वेल्क्रोत अडकलेली कुसळं चिमट्याने काढा. तिथे बाहेरून आलेलं एक गवत आधीच रुजलंय.