दोन देशांतल्या वर्गांची लेखन-देवाणघेवाण: गूगल डॉक्स कितपत कामाचं?

दोन देशांतल्या मुलांनी एकमेकांचं लिखाण वाचून त्यावर बोलायचं, एवढ्यासाठी गूगल डॉक्स पुरेसं आहे. फक्त सुरुवातीची सेटिंग्ज चुकली की सगळं फिसकटतं.

सगळ्यात आधी शाळेच्या खात्यांचं बघा. संस्थेबाहेर शेअरिंग बंद असेल तर परदेशी जोडीदाराला फाइल उघडतच नाही, आणि ते फक्त ॲडमिनच (शाळेची खाती सांभाळणारा) सुरू करू शकतो. 'लिंक असलेला कोणीही' हा पर्याय निवडला, तर लॉगिन न केलेली मुलं स्वतःच्या नावाऐवजी 'अनामिक' अमुक प्राणी अशा नावाने दिसतात. मग कोणी काय लिहिलं ते कळायला मार्ग नाही. त्यामुळे ईमेल टाकूनच शेअर करा.

जोडीदाराला 'एडिटर' (मजकूर थेट बदलू शकणारा) करू नका, 'कमेंटर' (शेजारी शेरे लिहिणारा) करा. एडिटर झालेलं मूल व्याकरण दुरुस्त करत सुटतं आणि मूळ लेखकाचा सूरच पुसून टाकतं. कमेंटरलाही बदल सुचवता येतात, म्हणून पहिल्या फेरीत फक्त प्रश्न विचारायचे, असा नियम हवा. 'निकालाच्या दिवशी घरी कोणीच बोललं नाही,' या वाक्यावर समोरून प्रश्न येतो: 'निकाल तुझा, मग घरचे का गप्प?' आपल्याच वर्गातल्या मित्राला हा प्रश्न कधी पडला नसता. त्याच्या उत्तरात जी तीन-चार वाक्यं येतात, तोच लेखाचा खरा गाभा. (नुसत्या 'छान आहे!' कमेंट्स चालवून घेऊ नका.)

मोठी उणीव म्हणजे आवृत्त्यांचा इतिहास (कधी काय बदललं त्याची नोंद) फक्त एडिटरलाच दिसतो. आपल्या प्रश्नामुळे काय बदललं हे कमेंटरला समजत नाही आणि दुसऱ्या फेरीत त्याचा उत्साह मावळतो. उपाय सोपा आहे: लेखकाने कमेंट लगेच 'रिझॉल्व्ह' (काम झालं म्हणून बंद) न करता तिच्याखाली 'दुसरा परिच्छेद वाढवला' असं उत्तर द्यायचं. पहिल्या खर्ड्याची वेगळी प्रतही ठेवावी.

भाषांतराची सोय आहे, पण ती वेगळी प्रत बनवते. तिच्यावर केलेल्या कमेंट्स मूळ लेखात येत नाहीत.

गट चौघांचा, दोन इकडचे, दोन तिकडचे. लेख २०० ते ३०० शब्दांचा. खर्डा, प्रश्न, पुनर्लेखन यांना प्रत्येकी एक आठवडा द्या आणि दोन्हीकडच्या परीक्षा-सुट्ट्या आधीच जुळवून घ्या. वेळेतल्या फरकाची अडचण येत नाही, कारण कोणालाच एकाच वेळी बसायचं नसतं.