ढग हलला नाही, तेव्हाच उठायला हवं होतं

₹१,४१,५४०. एवढ्याला मी फसले. आकडा आधी लिहून टाकते, कारण तोंडाने सांगताना अजून जीभ अडखळते. यातले १,१३,६०० शाळेसाठी जमवलेले आणि २७,९४० माझ्या स्वतःच्या खात्यातले. घरी अजून फक्त १८,५०० चंच माहीत आहे. आमच्या ह्यांना ओळखणारं कोणी हे वाचत असेल तर कृपा करून गप्प बसा.

नागपुरातल्या एका अनुदानित मराठी शाळेत मी बावीस वर्षं विज्ञान शिकवते. पैसे कशापायी गेले ते सांगितल्याशिवाय माझा मूर्खपणा तुम्हाला नीट समजणार नाही. दहावीच्या विज्ञान भाग २ मध्ये 'हरित ऊर्जेच्या दिशेने' हा धडा आहे. आमच्या गच्चीवरून हवा स्वच्छ असली की कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात. तिथले ६६० मेगावॅटचे तीन संच मुलांना तोंडपाठ आहेत. कोळसा, बॉयलर, वाफ, टर्बाइन, जनित्र ही साखळी पाढ्यासारखी म्हणतात. आणि मग जूनच्या शेवटी एक पोरगा उभा राहून विचारतो, "मॅडम, मग सौर पॅनेलमधलं टर्बाइन कुठं बसवलेलं असते?"

म्हणजे काही कळलेलंच नाही. प्रकाश पडला की सिलिकॉनच्या घटातून थेट विद्युतधारा निघते, मध्ये काही फिरावं लागत नाही, हे मी फळ्यावर बाण काढून काढून सांगत होते आणि पोरं बाण पाठ करत होती. त्या आठवड्यात माझ्या डोक्यात एकच होतं, हे यांना हलताना दाखवायचं. नेमकं तेव्हाच शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर 'इंटरॅक्टिव्ह पॅनेल, ऊर्जा स्रोत विशेष, मराठी माध्यम' असा मेसेज आला. म्हणजे बोटाने चालणारा मोठा डिजिटल फळा. ग्रुपवर टाकणाऱ्या मॅडम ओळखीच्या होत्या. त्यांनाही तो कोणीतरी पाठवलेला, हे नंतर कळलं.

योजना काय होती ते तुम्ही ओळखालच. ७५ इंची पॅनेल, किंमत २,८४,०००. त्यातले ६० टक्के एका मोठ्या कंपनीच्या सीएसआरमधून, म्हणजे सामाजिक कामाच्या निधीतून, ४० टक्के शाळेचा वाटा. जिल्ह्यात अकराच शाळा घ्यायच्या, नऊ भरल्या, दोन उरल्या. कंपनीचं लेटरहेड, गोल शिक्का, सही. हसू नका. कंपनी कायद्यात नफ्यातले दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे असतात हे मला माहीत होतं, म्हणूनच ते खरं वाटलं. अर्धवट माहिती असणाऱ्या माणसाला फसवणं सगळ्यात सोपं. (त्या कंपनीच्या सीएसआर विभागाचा नंबर तिच्या स्वतःच्या संकेतस्थळावर असतो. तुम्ही तिथे फोन करा. लेटरहेडवर छापलेल्या नंबरवर करू नका, तो चोरांचाच असतो.)

डेमो ५ जुलैला, शनिवारी. विकणारा माणूस आला टाय लावून, मदतनिसाला घेऊन, छोट्या हत्तीत एक भलामोठा टीव्ही आणि स्टँड टाकून. मी दहावी ब ला हॉलमध्ये बसवलं. पडद्यावर किटली होती, खाली जाळ. वाफ निघाली, चाक फिरलं, बल्ब लागला. मग सूर्य आला, खाली सौर पॅनेल, आणि मध्ये चाक नाही! बल्ब तरी लागला. माझ्या त्या पोराने जोरात "अरे!" केलं. त्या एका "अरे"पायी मी १,४१,५४० रुपये दिले, असं म्हटलं तरी चालेल. मग सायकल चालवणारी बाई आली, थकून थांबली, तिला खायला दिल्यावर पुन्हा पायडल मारू लागली. पोरं खूश, मी त्यांच्याहून खूश.

मग मी म्हटलं, सूर्यावर ढग आणा, बघू बल्ब मंद होतो का.

त्याने बोटाने ढगाची पट्टी ओढली. काही झालं नाही. त्याने पुन्हा ओढली. दोन-तीन सेकंदांनी, त्याचं बोट खाली आल्यावर, ढग आपोआप आले. "तुमच्याकडचं नेट स्लो आहे मॅडम." मी मान डोलावली. मग मी म्हटलं, मुलांपैकी एकाला करू द्या. तर म्हणे डेमो पीस आहे, कॅलिब्रेशन बिघडतं. यावरही मी मान डोलावली. तेवढ्यात तिसऱ्या रांगेतली एक मुलगी म्हणाली, "मॅडम, तो व्हिडिओ हाये ना. खाली लाल रेघ सरकून राहिली."

मी काय केलं असेल? तिला दटावलं. पाहुण्यांसमोर मधे बोलायचं नाही म्हणून. प्रयोग करताना 'जे दिसतं तेच लिहा, जे अपेक्षित आहे ते नाही' असं वर्षभर कानीकपाळी ओरडणारी बाई मी. पडद्याच्या तळाला रेघ सरकत होती, मलाही दिसली होती. मला वाटलं, लोडिंगची असेल. आता रात्री झोप लागत नाही तेव्हा ती रेघच डोळ्यांपुढे सरकते.

माझी बाजूही ऐका. मी कोटेशन पाहिलं होतं. त्यावर जीएसटी क्रमांक होता, २७ ने सुरू होणारा, म्हणजे महाराष्ट्राचा, बरोबर पंधरा अक्षरांचा. एवढं कोण बघतं? मी बघितलं. फक्त जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकून बघितला नाही, जे फुकट आहे आणि एका मिनिटाचं काम आहे. टाकला असता तर तो दुसऱ्याच जिल्ह्यातल्या एका किराणा दुकानदाराचा निघाला असता. नंतर निघालाच. आणखी एक खूण सांगते. त्या क्रमांकातलं सहावं अक्षर बघा. स्वतःला प्रायव्हेट लिमिटेड म्हणवणाऱ्याचं ते 'सी' असायला हवं, आमच्या कोटेशनवर 'पी' होतं, म्हणजे क्रमांकाच्या आत दडलेलं पॅन एकट्या माणसाचं. हे मला आता माहीत आहे. आता काय उपयोग.

पैसे असे जमले: दहावीच्या एका जुन्या बॅचने ६२,०००, आम्ही शिक्षकांनी मिळून ३१,६००, पालकसभेत २०,०००. त्या वीस हजारांत पन्नास-पन्नासच्या नोटा होत्या, हे लिहिताना लाज वाटते. ११ जुलैला, शुक्रवारी दुपारी एनईएफटी केलं. दुसऱ्या दिवशी दुसरा शनिवार, मग रविवार, बँक बंद. तारीख त्यानेच सुचवली होती. खात्याचं नाव कोटेशनवरच्या नावापेक्षा एका शब्दाने वेगळं होतं. बँकेतल्या मुलीने विचारलंही, "मॅडम, हेच ना?" मी म्हटलं, हो हो, हेच.

१४ तारखेला 'परतावा मिळणारी अनामत' १८,५००. शाळेकडे पैसे उरले नव्हते, मुख्याध्यापिका मॅडम म्हणाल्या पुढच्या महिन्यात बघू, मी म्हटलं मी भरते. १९ ला सॉफ्टवेअर लायसन्सचे ८,००० अधिक १८ टक्के, म्हणजे ९,४४०. जीएसटी इतका काटेकोर लावला की उलट विश्वास वाढला.

३० जुलैला फोन: गाडी नागपूरजवळच्या वाडीला पोहोचली, ट्रान्सपोर्टचे ६,२०० टाका, तासाभरात माल शाळेत. एवढं एक शहाणपण माझ्या खात्यावर जमा करा, ते ६,२०० मी टाकले नाहीत. बिल्टीचा, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावतीचा नंबर मागितला, रेनकोट घातला आणि अॅक्टिव्हा काढली. अमरावती रोडवर पाऊस धो धो, ट्रकांचं पाणी अंगावर. वाडीत सांगितलेल्या ट्रान्सपोर्टच्या गाळ्यात एक आजोबा बसले होते. त्यांनी बिल्टीचा नंबर दोनदा वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "बाई, असा नंबर आमचा नसतेच जी." आणि चहा मागवला माझ्यासाठी. या सगळ्या प्रकरणात माझ्याशी धडपणे बोललेला तो एकच माणूस.

कारण पुढे जे झालं ते ऐका. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, क्रमांक मिळाला, तिथवर ठीक. (पैसे गेले की पहिला फोन १९३० ला. पोलीस ठाणं, नातेवाईक, रडणं, सगळं नंतर. पहिल्या काही तासांतच रक्कम गोठवता येण्याची आशा असते. माझे एकोणीस दिवस झाले होते.) मग ठाण्यात. ठाण्यातले साहेब म्हणाले, हे ऑनलाइन आहे, सायबरला जा. सायबरचं बघणाऱ्या टेबलावर म्हणाले, माणूस प्रत्यक्ष आला होता ना? मग हे आमचं नाही, हद्दीतल्या ठाण्यात जा. परत ठाण्यात. आता पैसे शाळेचे, तर शालेय समितीचा ठराव आणा. ठराव आणला. मग २७,९४० तुमचे स्वतःचे, ते वेगळ्या अर्जात लिहा. लिहिले. मग हा तर देण्याघेण्याचा वाद आहे, दिवाणी. तिथेच बाकावर बसलेल्या एका वकिलाने हळूच सांगितलं की भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८(४) लागतं आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही. मी ते मोठ्याने म्हणून दाखवलं. साहेब हसले. "मॅडम, एवढं कळते तर पैसे दिले काहून?"

या वाक्याला माझ्याकडे उत्तर नाही. पण हे विचारायला मी तिथे पाच फेऱ्या मारल्या नव्हत्या. अर्जावर पोच मिळाली सहाव्या फेरीत. पोच घेतल्याशिवाय उठू नका, ते उद्या देतो म्हणतील, उद्या टेबलावर दुसरा माणूस असतो.

बँकेत तीच कथा. समोरच्या खात्याची माहिती गोपनीय. ठाण्याचं पत्र आणा. ठाणं म्हणतं बँकेचं पत्र आणा. शाळांचा कारभार बघणाऱ्या एका कार्यालयात तर साहेबांनी उलट माझ्याकडेच खुलासा मागितला, विनापरवानगी वर्गणी का गोळा केली म्हणून. ज्यांच्याकडे चार वर्षं डिजिटल वर्गखोलीचा प्रस्ताव पाठवतोय, ते.

आणि यावर मीठ. ऑगस्टमध्ये भाच्याने मोबाइल पुढे धरला, "मावशी, हेच का?" तीच किटली, तोच सूर्य, तीच सायकलवाली बाई. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाचं फेट म्हणून संकेतस्थळ आहे, तिथलं हे सिम्युलेशन, म्हणजे पडद्यावर स्वतः करून बघायचा प्रयोग. फुकट. पूर्ण फुकट, कोणालाही. त्या चोराने त्याची स्क्रीन रेकॉर्ड करून टीव्हीवर चालवली होती, व्हिडिओतल्या ढगाच्या वेळेला बोट फिरवायची त्याची प्रॅक्टिसच कमी पडली होती. आणि ९,४४० मी त्याच्या लायसन्सचे भरले.

आता शाळेतल्या जुन्या प्रोजेक्टरला माझा लॅपटॉप जोडून तेच वापरते. त्या मुलीला पहिल्याच दिवशी पुढे बोलावलं. तिने ढग ओढला, बल्ब लगेच मंद झाला. मी तिची माफी मागायची ठरवलं होतं, पण चाळीस पोरांसमोर शब्द फुटले नाहीत. नंतर व्हरांड्यात मागितली. "जाऊ द्या ना मॅडम," म्हणाली.

वर्गणी देणाऱ्यांचे पैसे मी हप्त्याने परत करतेय. शिक्षकांनी घेतले नाहीत, पालकांचे वीस हजार फेडून झाले.

परवा रात्री हिंगण्याकडच्या एका शाळेतल्या सरांचा फोन आला. त्यांच्याकडे शनिवारी डेमो आहे, किंमत आता ३,१०,००० झाली आहे, सीएसआर तेच साठ टक्के. मी त्यांना म्हटलं, बाकी काही विचारू नका, फक्त सूर्यापुढे ढग ओढायला सांगा, आणि स्वतःच्या बोटाने ओढा.

"कोणता ढग, मॅडम?" त्यांनी विचारलं. म्हणून हे सगळं लिहायला बसले.