औसा रोडच्या गुरुजींचा गणिताचा क्लास: एका पालकाचा अनुभव

मी लातूरच्या आडत बाजारात मुनीम आहे. लेक सातवीला. दिवाळीपर्यंत ती एका मोठ्या क्लासला जायची, एका वर्गात साठ पोरं. तिथं ती ३अ + ४ब = ७अब लिहायची आणि वहीवर बरोबरची खूण घेऊन यायची. दिवाळीनंतर तिला औसा रोडच्या मागच्या गल्लीत, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या गुरुजींकडं घातलं.

पहिल्या दिवशी मी दारातच थांबलो. गुरुजींनी तीन लाल आणि चार स्टीलच्या डब्या मांडल्या. आत शेंगदाणे. सगळ्या लाल डब्यांत सारखेच दाणे, सगळ्या स्टीलच्यांत सारखेच. किती, ते सांगितलं नाही. म्हणाले, "अ म्हणजे डबी नव्हे बाळा. लाल डबीत दाणे किती, तो आकडा म्हणजे अ." एकूण विचारल्यावर लेक म्हणाली, ७अब. गुरुजी तिला चूक म्हणाले नाहीत, डब्या उघडायला लावल्या. लाल डबीत २, स्टीलच्या डबीत ३. सगळे मिळून १८ दाणे. ७अब मात्र ४२ येतं. तिनं दाणे पुन्हा मोजले, मग स्वतःच ७अब खोडलं.

तेव्हापासून प्रत्येक उत्तराला किंमत घालून पडताळा करायचा, हा तिथला नियम. त्यात ० आणि १ घालायला बंदी. कारण अ आणि ब दोन्ही १ धरले की ३अ + ४ब सात आणि ७अबसुद्धा सातच, चूक लपून जाते. मला हे शाळेत कुणीच सांगितलं नव्हतं.

कंसाबाहेरच्या वजाचं तसंच. ७अ − ३ब − (२अ − ५ब) याचं उत्तर ५अ + २ब. आधीच्या क्लासमध्ये "चिन्हं बदला" एवढंच पाठ करून घेतलेलं. गुरुजींनी हिशोब घातला: शंभरातून साठ कापले, पण त्यातले वीस जास्तीचे कापले गेले, मग ते परत द्यायचे की नाही? हे तर आमच्या पट्टीतलं, म्हणजे शेतकऱ्याला द्यायच्या हिशोबाच्या चिठ्ठीतलं, रोजचंच काम! ५अ − अ चं उत्तर ५ लिहायची सवयही गेली; नुसत्या अ च्या आधी १ असतो, लिहीत नाहीत एवढंच.

एकदा त्यांनी भास्कराचार्यांचं सांगितलं. ११५० च्या सुमारास त्यांनी आपल्या 'बीजगणित' ग्रंथात लिहून ठेवलंय की एका जातीच्या राशींचीच बेरीज-वजाबाकी होते, वेगळ्या जातीच्या वेगळ्याच ठेवायच्या. अज्ञात राशींना तेव्हा यावत्तावत्, कालक, नीलक म्हणत. थोडक्यात या, का, नी. 'सजातीय पदे' हा शब्द कुठून आला ते लेकीला तिथं कळलं, आणि मलाही.

जागा लहान आहे, सतरंजीवर बसावं लागतं. छापील नोट्स मिळत नाहीत. एका धड्याला तीन आठवडे लागले, त्यामुळं स्कॉलरशिपची घाई असलेल्यांना जमणार नाही. फी महिना ७०० रुपये. पावसाळ्यात गल्लीत गाडी लावायला जागा नसते, पोरांना कोपऱ्यावरच सोडा.