दोन गावांत बसून एक चाल: रीपर वापरून बघितलं

एकांकिकेसाठी रूपक तालात (सात मात्रांच्या) एक चाल बांधायची होती, मी सांगलीत आणि मित्र नाशकात, म्हणून दोघांनीही रीपर टाकलं, म्हणजे कॉम्प्युटरवर संगीत रेकॉर्ड करायचं, बांधायचं सॉफ्टवेअर. विनॅम्प हा गाणी वाजवायचा प्लेअर ज्यानं बनवला त्या जस्टिन फ्रँकेलचंच हे काम. डाउनलोड एकदम किरकोळ, माझ्या म्हाताऱ्या लॅपटॉपवर पण पळतंय. ६० दिवस फुकट वापरून बघायचं, मग घरगुती वापराचं लायसन्स ६० डॉलर.

उघडल्यावर मात्र कोरी पाटी. रीसिंथ नावाचा पीं-पीं करणारा सिंथ (सॉफ्टवेअरमधलं वाद्य) आहे, बाकी वाद्यं आपली आपण आणायची. आम्ही फुकटातला स्फोर्झांडो प्लगइन (रीपरमध्ये जोडायचं वाद्य) घेतला, दोघांकडे एकच साउंडफॉन्ट, म्हणजे वाद्यांच्या आवाजांची फाईल, ठेवला, कारण आम्ही एकमेकांना मिडी फाईल पाठवतो आणि तिच्यात आवाज नसतोच ना, कुठला सूर कधी दाबला, किती जोरात, कधी सोडला असल्या सूचनाच असतात. जनरल मिडी म्हणजे वाद्यांची ठरलेली यादी, तिच्यातल्या १२८ वाद्यांत सतार आहे, शहनाईसुद्धा आहे, तबला नाही! हार्मोनियमसाठी रीड ऑर्गनवर भागवलं.

मिडी फाईल रीपरमध्ये ओढली की टेम्पो (लय) पण घ्यायचा का असं विचारतं. मी घाईत नको म्हणालो, तर प्रोजेक्ट आपला १२० आणि ४/४ वरच राहिला, आणि सात मात्रांची सम दर आवर्तनाला स्क्रीनवरच्या मात्रांच्या रेघांवरनं घसरत चालली. चूक माझीच. हो म्हटल्यावर सगळं जागेवर बसलं.

खरी गंमत मींडेची. मी सा वरनं रे वर पिच बेंडनं (सूर वर-खाली ओढायच्या चाकानं) मस्त ओढून नेलं आणि पाठवलं, तर त्याचा फोन, "अरे, हा तार सा वर का किंचाळतोय?" अर्धा तास डोकं खाजवलं. माझ्याकडे बेंडची रेंज २ सेमीटोन (अर्धे सूर), त्याच्याकडे १२ करून ठेवलेली! फाईलमध्ये चाक किती फिरवलं तेवढंच जातं, ते किती सुरांचं हे समोरचा सिंथ ठरवतो. आता दोघांकडे २ आहे आणि प्रत्येक मिडीसोबत एक एमपी३ पाठवतो, म्हणजे काय ऐकू यायला पाहिजे ते कळतं.

परत पाठवताना फाईल मेनूतनं एक्स्पोर्ट प्रोजेक्ट मिडी, बास, काही केबीचं काम, व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून जातं. मेनू मात्र भयंकर, पहिला आठवडा मी नुसता राइट क्लिक करत बसलो होतो. मित्रानं लायसन्स घेतलं पण, माझे अजून ११ दिवस आहेत.